काळी एकच्या सुरात लावलेलं इंजिन

या, जरा पुढं सरकून बसा. तिकडं दाराशी उभे आहात ते तुम्हीही या, सतरंजीवर जागा पुष्कळ आहे. मी काही बुवा नाही. बुवांच्या मागं उभा राहून झांज वाजवणारा निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. पण इतकी वर्षं कीर्तनात उभा राहिलो, इतकी आख्यानं कानांवरून गेली, की एखादं आपणही सांगावं असं वाटायला लागतं. हे आख्यान राजाचं नाही आणि संताचंही नाही. एका काळ्या मोटारीचं आहे, आणि ती मोटार ज्याच्या कानांच्या भरवशावर चालत होती त्या सॅम्युएल मिस्त्रीचं आहे. सांगताना मी पुढंमागं झालो तर सांभाळून घ्या.

मिरजगावात हायवेच्या कडेला सॅम्युएल ओहोळचं गॅरेज. पत्र्याची शेड, पुढं कडुनिंब. आत भिंतीवर एक लाकडी क्रूस, त्याच्याखाली खिळ्याला टांगलेले फॅनबेल्ट, आणि कोपऱ्यात चादरीत गुंडाळलेली आमच्या मेळ्याची पेटी. प्रभुदासबुवा कीर्तनाला उभे राहतात, सॅम्युएल पेटी धरतो, मी झांज. नेवाशापासून श्रीगोंद्यापर्यंत कुठल्याही चर्चचा सण असला की आम्ही निघालोच.

सॅम्युएलला लोक 'कानाचा मिस्त्री' म्हणायचे. जुन्या पेट्रोल गाड्यांचं टायमिंग लावायला बाकीचे मिस्त्री दिवा वापरतात, मीटर जोडतात. हा बॉनेट उघडायचा, डोळे मिटायचा आणि डेलको दोन बोटांनी केसभर इकडं, केसभर तिकडं फिरवायचा. डेलको म्हणजे इंजिनात ठिणगी कधी पडावी हे ठरवणारी डबी. बुवांचा सूर काळी एक, पेटीवरची पहिली काळी पट्टी. वर्षानुवर्षं ती पट्टी दाबून तो सूर सॅम्युएलच्या अंगात इतका मुरला होता, की उभं इंजिन त्या सुरात गुणगुणायला लागलं की हा म्हणायचा, "लागली." मग एकदम ॲक्सिलरेटर ओढून बघायचा. ठिणगी गरजेपेक्षा आधी पडत असेल तर त्या ओढीला इंजिनातून एक बारीक टिणटिण येते, पत्र्यावर वाळूचे खडे पडावेत तशी. ती आली की डेलको केसभर मागं. ती ऐकली नाही आणि गाडी तशीच दामटली, तर पिस्टन जळतो, त्याला भोक पडतं. एवढं ध्यानात ठेवा. बाकी मोटारीतलं मलाही कळत नाही.

यंदा ईस्टरनंतर नेवाशाला कीर्तन होतं. उत्तररंग रंगात आला, बुवांनी लय वाढवायची खूण केली, मी झांज दुप्पट केली. सॅम्युएल मात्र आपल्या जुन्याच लयीत. बुवांनी मान वळवून पाहिलं. मी पुढं होऊन दोन बोटांनी त्याच्या खांद्यावर ताल धरला, तेव्हा कुठं तो लयीवर आला.

कीर्तन झाल्यावर चर्चच्या पायरीवर मी त्याला धरलं. "काय रे, झोप लागली होती का?"

"गुरुजी," तो म्हणाला, "तुमची झांज मला दिसती. ऐकू येत न्हाई."

मला आधी चेष्टा वाटली.

"जाड आवाज हायेत अजून. बारीक गेले. पाखरं गेली, फोनची रिंग गेली. आराधना फोनवर बोलती त्यातलं निम्मं मी अंदाजानं घेतो. नगरला कानाच्या डॉक्टरला दाखवलं. ते म्हणले, पस्तीस वर्षं चालू इंजिनावर कान लावलाय, आता गेलं ते येत न्हाई. मशीन लावा."

"मग लाव की."

"कानात मशीन घातलेल्या कानाच्या मिस्त्रीकडं कोन गाडी आनंल?"

त्यानं माझ्याकडून शब्द घेतला. कुणाला सांगायचं नाही, आराधनाला तर मुळीच नाही. आराधना त्याची एकुलती एक मुलगी. चाकणला कंपनीत इंजिनिअर, बॅटरीच्या गाड्यांवर काम करते. आई जाऊन चार वर्षं झाली. "तिला कळलं तर शटर ओढंल आन मला चाकणच्या फ्लॅटवर नेऊन बसवील," तो म्हणाला. मी शब्द दिला.

आता मोटारीकडं येतो. काष्टीचा मच्छिंद्र, लिंबाची मोठी बाग असलेला गडी, मनानं उदार, आवाजानं त्याहून मोठा. त्याच्याकडं चांगली अठ्ठ्याऐंशी सालची काळी काँटेसा. त्यानं मोबाईलवर एक ग्रुप काढलाय, 'नगर जिल्हा मसल कार मंडळ'. मसल कार म्हणजे मोठ्या इंजिनाची, रुंद अंगाची दणकट गाडी. सभासद साठ. गाड्या दोन. दुसरी काँटेसा नेवाशाच्या छगनरावांची, मरून रंगाची. छगनरावांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. बाकी अठ्ठावन्न लोकांनी खरी मसल कार मोबाईलच्या बाहेर पाहिलेली नव्हती, पण मतं प्रत्येकाची ट्रक भरून.

जून महिन्यातला रविवार. आम्ही उपासनेहून परतलो तर गॅरेजपुढं कडुनिंबाखाली दहा-बारा जण जमलेले. मच्छिंद्रच्या गाडीचं इंजिन थकलं होतं. ते पुन्हा बांधून पेट्रोलवरच ठेवायचं की काढून टाकून बॅटरी घालायची, याचा निकाल त्या दिवशी लावायचा होता. आराधना सुट्टीला आलेली, ती चहाचे कप वाटत होती. सॅम्युएल स्टुलावर बसून बोलणाऱ्याच्या ओठांकडं बघत होता. त्याचं ते बघणं आता मलाच तेवढं कळत होतं.

सुरुवात रूपावरून झाली.

"मसल कारला खांदे पायजेत, खांदे," मच्छिंद्र गाडीच्या मागच्या चाकावरच्या फुगवट्यावर थाप मारून म्हणाला. "हे बगा. आन पुढं चार गोल दिवे. उभी ऱ्हायली तरी चालून येतीय असं वाटलं पायजे. आताच्या गाड्या बगा तुमी. तोंड रागावल्यालं आन अंग पावासारखं."

"नुसते खांदे घेऊन काय करता?" छगनराव. "बॉनेटवर हवा घ्यायची नाकपुडी पायजे. पत्रा कापून बसवा, वर दोन पांढरे पट्टे मारा. मग बगा, लग्नात नवरदेवाकडं कोन बघंल का."

"काका, नाकपुडी श्वास घ्यायला असते," आराधना म्हणाली. "खाली बॅटरी बसवली तर श्वास घेणार कोण? बॉनेट कापू नका. एवढी सरळ रेघ आता कुणी काढत नाही."

"ऐका! लेक बॅटरीवर आली. अगं पोरी, मसल कारचा निम्मा जीव आवाजात असतो. बॅटरीची गाडी म्हणजे शेवयाचं मशीन. घूंऽऽ करती नुसती."

"आता त्यात स्पीकर बसवतात म्हनं," एकजण म्हणाला. "पायजेल तो आवाज लावायचा. आठ सिलेंडरचा लावा, न्हाईतर बुलेटचा."

हे ऐकून मी गप्प बसायला हवं होतं, पण राहवलं नाही. "मग बुवांना घरी बसवा," मी म्हणालो, "आणि कीर्तनाची कॅसेट लावून तिला हार घाला."

हशा झाला. मच्छिंद्रनं माझ्या पाठीत धपका घातला. "शाब्बास गुरुजी! आमच्याच बाजूचे निघाले."

"अमेरिकेत पण आठाचे सहा सिलेंडर व्हायला लागलेत," आराधना शांतपणे म्हणाली. "तिथल्या लोकांनीही हीच भांडणं केली. पण पाय ठेवल्याक्षणी जो जोर मिळतो तो बॅटरीत जास्त आहे, हे गाडी चालवल्यावर त्यांनाही कबूल करावं लागलं. आणि मच्छिंद्रकाका, सरकारी परवानगी असलेलं बॅटरीचं किट घेतलं तर आरटीओत रीतसर नोंद होईल. उद्या हे इंजिन बांधूनही टिकलं नाही आणि दुसरं कुठून तरी आणून घातलंत, तर कागद कसे करणार?"

"कागदाचं सोड. पेट्रोल तरी धड मिळतंय का?" छगनराव एकदम तापले. "दिवाळीत माझ्या गाडीचं टायमिंग मिस्त्रींनी लावलं. आठ दिवसांत पिस्टनला भोक! मिस्त्री म्हणले, पेट्रोलमधी खोट आसंल. त्या पंपवाल्याशी मी अजून बोलत न्हाई. समोर आला तर थुंकतो."

सॅम्युएलनं मान खाली घातली. हातातला कप त्यानं जमिनीवर ठेवला, तो कलंडला. मी त्याच्याकडं पाहिलं आणि मनातल्या मनात महिने मोजले. दिवाळी. नेवाशाच्या कीर्तनाच्या कितीतरी आधी.

"मिस्त्री, तुमी बोला," मच्छिंद्र म्हणाला. "तुमचा शब्द शेवटचा. इंजिन बांधायचं ना?"

सॅम्युएल उठला. हात फडक्याला पुसत म्हणाला, "बॅटरी घाला."

सगळी तोंडं त्याच्याकडं वळली. ज्या माणसानं पस्तीस वर्षं पेट्रोलच्या इंजिनाशिवाय दुसरं काही जाणलं नाही, त्याच्या तोंडून हे. आराधनाच्या हातातला ट्रे तसाच राहिला. बाप आपल्या बाजूनं बोलला याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर यायला हवा होता. तिथं शंका आली.

छगनराव सावकाश हसले. "आसं व्हय. लेकीचं किट खपवायचंय तर."

"छगनराव!" मी म्हणालो.

"का, खोटं बोलतो का मी? काल पत्तूर म्हणत हुते बॅटरीला जीव नसतो. आज लेक आली आन जीव आला? का हात थकले, मिस्त्री? कानाचा मिस्त्री, कानाचा मिस्त्री म्हणून आमी साठ मैलांवरून येतो. दाखवा एकदा समद्यांसमोर. दिवा न्हाई, मीटर न्हाई. ही गाडी सुराला लावा. लागली तर इंजिन ऱ्हायलं. न्हाई लागली तर घाला खुशाल बॅटरी, मी सोता हार आनतो."

"पप्पा, काही गरज नाही," आराधना म्हणाली.

तिचं बोलणं त्याला ऐकू आलं की नाही, देव जाणे. छगनरावांचे ओठ मात्र त्यानं नीट वाचले होते. त्याच्या कानशिलाची शीर उडत होती. लेकीचं नाव मधे आणलं नसतं तर तो हसून बसला असता, असं मला अजून वाटतं.

"गुरुजी," तो म्हणाला, "पेटी काढा."

मी पेटी काढली. ही माझी पहिली चूक. बॉनेट वर गेलं, इंजिन सुरू झालं, घरघर कडुनिंबाखाली पसरली. मी भाता ओढून काळी एक दाबून धरली. सॅम्युएलनं डोळे मिटले.

पुढं काय झालं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आताच सांगतो. पेट्रोल वाचावं म्हणून मच्छिंद्रनं घरी स्वतःच स्लोचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन किती वेगानं फिरावं ते ठरवणारा, स्क्रू फिरवून इंजिनाची चाल उतरवली होती. त्यामुळं इंजिनाचा सूर खाली होता. सूर वर न्यायला वाटा दोन, तो स्क्रू किंवा डेलको. डेलको पुढं नेला की चाल चढते, सूर चढतो. सॅम्युएलनं डेलको पुढं नेला. सूर जुळेना. अजून पुढं. अजून. पेटीचा आणि इंजिनाचा सूर एकमेकांवर घासत घासत अखेर एक झाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या कुठल्या गॅरेजात ही चूक झालीच नसती. पेटी लावून इंजिन जुळवतो कोण? पूर्वी सॅम्युएलकडूनही ती चूक व्हायची नाही, कारण पुढची टिणटिण त्याला सांगायची, की फार पुढं आलास, मागं फिर.

त्यानं ॲक्सिलरेटर ओढला. इंजिन गरजलं. लोक ओरडत होते, शिट्ट्या घालत होते. त्या गलक्यात मला काहीतरी बारीक ऐकू आलं. आलं की भासलं, तेव्हा ठरवता येईना.

सॅम्युएलनं डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडं पाहिलं. ते बघणं मी विसरणार नाही. शेकडो कीर्तनांत आम्ही असे एकमेकांकडं पाहून विचारतो, बरोबर आहे ना?

मी मान हलवली. बरोबर आहे.

"लागली," सॅम्युएल म्हणाला.

मच्छिंद्रनं त्याला मिठी मारली. छगनराव मात्र हटायला तयार नाहीत. "उभ्या गाडीचं काय कवतिक? पाच मानसं घाला आन गावाबाहेरच्या चढावर दामटा. तितं गायली तर खरं."

गाडी मच्छिंद्र चालवणार. शेजारी सॅम्युएल. मागं त्याच्या पाठीशी मी, मधे आराधना, पलीकडं छगनराव. मी स्वतःला समजावत होतो, की भासच असेल. चढ संपेल, गाडी माघारी येईल, संध्याकाळी सॅम्युएलला एकटा गाठून सांगू. बुवा एक आख्यान लावतात, प्रभूनं बहिऱ्या माणसाला बरं करताना आधी गर्दीतून बाजूला नेलं, असं. तेवढं तरी आपल्याकडून व्हावं, असं मनात होतं. पण गाडीत बाजू कुठली? पाच माणसं मांडीला मांडी लावून.

सपाटीला गाडी छान चालली. मच्छिंद्र एका हातानं स्टिअरिंग धरून गप्पा मारत होता, "बघितलं का, कशी वाघावानी..." चढ लागला. त्यानं पाय दाबला.

टिणटिणटिणटिण.

आता भास नव्हता. पत्र्यावर वाळूचे खडे. खिडक्या उघड्या होत्या, वारा होता, तरी तो आवाज सुईसारखा त्यातून येत होता. मच्छिंद्रला त्यातलं काही कळत नव्हतं, तो खुशीत होता. छगनराव बाहेर बघत होते. आराधना एकदम ताठ झाली. तिनं आधी इंजिनाकडं कान दिला, मग बापाच्या मानेकडं पाहिलं. बाप निवांत. मान किंचित डोलत होती. त्याला इंजिनाची जाड घुमार ऐकू येत होती, आणि ती काळी एकच्या वर, चांगली भरून चढत होती.

मग तिनं माझ्याकडं पाहिलं. मी नजर चुकवली. तेवढ्यात तिला सगळं कळलं. बाप ऐकू शकत नाही, हेही. आणि गुरुजीकाकांना हे माहीत आहे, हेही.

"काका?" ती इतकंच म्हणाली. ओठांतल्या ओठांत.

चढ अजून निम्मा होता. मच्छिंद्रनं आणखी पाय दाबला. टिणटिण दाट झाली. मी बोललो तर त्या माणसाचं नाव त्याच गाडीत, छगनरावांच्या पुढ्यात, लेकीच्या देखत संपणार. नाही बोललो तर दिवाळीत जे छगनरावांच्या गाडीचं झालं ते आता मच्छिंद्रच्या गाडीचं होणार, आणि ते सॅम्युएलच्या हातून झालं असलं तरी माझ्या मान हलवण्यानं झालेलं असणार. आराधनानं तोंड उघडलं. मी तिच्या मनगटावर हात ठेवला. तिनं तो झटकून टाकला, इतक्या रागानं की तिच्या बांगडीनं माझी कातडी सोलली.

"एक क्षण," मी म्हणालो. "पोरी, एक क्षण दे."

आणि मी पुढं वाकून सॅम्युएलच्या खांद्यावर दोन बोटं ठेवली. पेटीवाला लय चुकला तर झांजवाला सभेसमोर बोलत नाही, बोटांनी ताल धरतो, आमच्या मेळ्यात हीच रीत. मी त्या टिणटिणीचा ताल धरला. भराभरा, बारीक, थांबत नाही असा. मच्छिंद्रनं पाय उचलला, आवाज थांबला, मी बोटं थांबवली. त्यानं पाय दाबला, आवाज आला, मी बोटं वाजवली.

सॅम्युएलची मान डोलायची थांबली.

त्यानं वळून पाहिलं नाही. उजवा हात सावकाश उचलून त्यानं गिअरवरच्या मच्छिंद्रच्या हातावर ठेवला. "गाडी बाजूला घ्या."

"का? काय झालं?"

"बाजूला घ्या, मालक. इंजिन बंद करा."

गाडी कडेला लागली. इंजिन बंद झालं. पुढच्या बाभळीत कुठलंसं पाखरू ओरडत होतं, ते आम्हा चौघांना ऐकू आलं.

मला वाटलं, आता तो काहीतरी कारण सांगेल. गरम झालं, पेट्रोल खराब. मी पाठराखण करायलासुद्धा तयार होतो, देवानं क्षमा करावी.

"मला ऐकू येत न्हाई," सॅम्युएल म्हणाला. समोरच्या काचेकडं बघतच. "बारीक आवाज येत न्हाईत. टायमिंग पुढं गेलंय. नॉकिंग करतंय इंजिन. मला कळलं न्हाई. गुरुजींनी सांगितलं तवा कळलं."

मच्छिंद्रनं स्टिअरिंगवरचा हात काढून घेतला.

"आन छगनराव," आता तो वळला, "तुमचा पिस्टन पेट्रोलनं न्हाई गेला. म्या जाळला. तवा मला पक्कं ठावं न्हवतं, पन मनात आलं हुतं. मनात आलं आन मी पंपावर ढकललं."

छगनरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. माणसाला चिडायलाही तयारी लागते. "म्हंजी," ते म्हणाले, "त्या पंपवाल्याला मी... आवो, त्याच्या पोरीच्या लग्नाला गेलो न्हाई मी!"

"जाऊन पाया पडतो मी त्याच्या."

"तुमी कशाला? थुंकलोय तर मी." आणि ते दार उघडून बाहेर जाऊन रस्त्याकडं पाठ करून उभे राहिले.

मच्छिंद्रनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. "गुरुजी, तुमाला ठावं हुतं?"

"होय."

"आन तिकडं मान हलवली."

"होय."

त्यानं आरशातून नजर फिरवली. शाळेत मी मुलांना छड्या मारल्या आहेत, पण त्याच्या त्या नजर फिरवण्यापुढं ते काहीच नव्हे. मग तो सॅम्युएलकडं वळला. "मिस्त्री, एक खरं सांगा. बॅटरी घाला म्हणलात, ते गाडीच्या भल्यासाठी, का कान झाकायला?"

"दोन्ही," सॅम्युएल म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "कान झाकायला आदी. पन दुसरं बी खोटं न्हाई, मालक. पेट्रोलचं जुनं इंजिन ऐकनारा मानूस मागतं. रोज न्हाई, पन मागतं. माझ्यामागं या तालुक्यात ऐकनारा कोन हाय? रूप तसंच ठेवा. चार दिवे, खांदे, समदं. आत असं कायतरी घाला ज्याला माझी गरज पडनार न्हाई."

आराधना तोवर खाली उतरली होती. तिनं बॉनेट उघडलं. वाकून तिनं आत पाहिलं, डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. मग बापाच्या खिडकीशी आली. त्याला ओठ दिसतील अशी वाकली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "पप्पा, उतरा. गाडी परत न्यायची आहे. मी ऐकते. तुम्ही फिरवा."

इंजिन पुन्हा सुरू झालं. उन्हात दोघं बाप-लेक बॉनेटखाली वाकलेले. त्याची दोन बोटं डेलकोवर, तिचा हात त्याच्या मनगटावर. तिनं ॲक्सिलरेटर ओढायचा, कान द्यायचा आणि मनगट दाबायचं. मागं. अजून मागं. टिणटिण विरळ झाली, मग गेली. सूर काळी एकच्या पार खाली उतरला होता. सॅम्युएलला तो खालचा सूर ऐकू येत होता आणि त्याचा चेहरा कसनुसा झाला होता. बेसूर वाटत होतं त्याला.

"हेच बरोबर आहे, पप्पा," ती म्हणाली.

"आसंल," तो म्हणाला. "तू म्हणतीस तर आसंल."

गाडी माघारी आली. छगनराव माघारी येताना गाडीत बसले नाहीत, चालत आले. कुणी सांगितलं कोण जाणे, पण संध्याकाळपर्यंत मंडळाच्या साठही जणांना कळलं होतं. ग्रुपवर एकानं लिहिलं, माझं पण मागच्या वर्षी इंजिन बसलं. दुसऱ्यानं लिहिलं, माझं पण. त्यातलं किती सॅम्युएलच्या हातून झालेलं आणि किती नव्हे, देवच जाणे. पण त्या महिन्यात शेडमध्ये टायमिंगला एकही गाडी आली नाही. ब्रेकला येतात, क्लचला येतात, बॉनेट उघडायचं झालं तर लोक गाडी पुढच्या गॅरेजला नेतात. आराधनानं शटर ओढलं नाही. तिनं मशीन आणून त्याच्या कानात बसवलं. तो म्हणतो, त्यात पाखरं पत्र्याची वाटतात. ती माझ्याशी अजून नीट बोलत नाही. बरोबर आहे तिचं.

मच्छिंद्र पंधरा दिवस गॅरेजकडं फिरकला नाही. मग आला. बॉनेट कापायचं नाही, पट्टे मारायचे नाहीत, स्पीकर बसवायचा नाही, असं त्यानं बजावलं, आणि बॅटरीचं किट मागवायला सांगितलं. वर म्हणाला, "इंजिन मात्र मिस्त्रींनीच उतरवायचं. दुसऱ्याच्या हाताला ते लागू देनार न्हाई मी."

येत्या शनिवारी ते उतरवायचं आहे. साखळी लावायची, बोल्ट सोडायचे, एवढंच काम, त्याला कान लागत नाहीत. पण पस्तीस वर्षं ज्यांच्यावर कान ठेवला त्यांतलं हे शेवटचं इंजिन त्याला स्वतःच्या हातांनी बाहेर काढून जमिनीवर ठेवायचं आहे, तेही सगळ्या मंडळासमोर, छगनरावांसमोर. तो नाही म्हणाला नाही.

आता उठाल, घरी जाल. शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला कुठंही असा, शेतात, दुकानात, नाहीतर गाडीवर. घटकाभर थांबा आणि माझ्या सॅम्युएलची आठवण करा. त्याचं नाव घेऊन देवाला एवढंच म्हणा, की त्याचा हात थरथरू नये.